मोटरसायकलच्या टाकीचा रंग घरच्या घरी कसा राखावा: धुणं, डाग, मेण, फिल्म (अनुभवी मंडळींनी भर घालावी)

रंगराखण

गाडीच्या रंगाचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो ‘काय लावू?’ त्याआधी हातात नेमकं काय आहे ते बघू.

कंपनीतून आलेल्या टाकीवर प्रायमर, रंग आणि वरचं पारदर्शक लॅकर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो. त्यात लॅकर ४०-५० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड, म्हणजे लॅकर केसाहून पातळ. चमक, उन्हापासून राखण, पेट्रोल सोसण्याची ताकद, सगळं या एवढ्याशा थरात आहे. यंत्रावर कडक कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) एकदा फिरवलं की साधारण २ ते ५ मायक्रॉन जातात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. म्हणून या धाग्यात चमक कशी आणायची यापेक्षा लॅकर कसं वाचवायचं यावर जास्त बोलू.

लॅकरचं सर्वांत जास्त नुकसान करणारी वस्तू बहुतेकांच्या सीटखालीच असते. ते पिवळं फडकं! सकाळी निघताना सुक्या धुळीवर दोन हात मारले जातात. धुळीत वाळूचे कण असतात, फडक्याखाली ते पॉलिश पेपरचं काम करतात. उन्हात काळ्या टाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात त्या याच. धूळ बसलेली गाडी तशीच चालवा, काही बिघडत नाही. पुसायचीच असेल तर आधी पाणी.

धुण्याची पद्धत:

गाडी सावलीत, इंजिन थंड. हाताची मागची बाजू टाकीला लावून बघा, कोमट लागली तरी थांबा. सायलेन्सरच्या तोंडात पिशवीचा बोळा, किल्लीच्या भोकावर चिकटपट्टी. चेन आणि स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) तेलकट काम आधी उरका. त्याचा ब्रश आणि फडकं वेगळं, ते रंगाकडे फिरकता कामा नये. मग नुसतं पाणी, वरून खाली, निदान ३-४ मिनिटं. अर्धं काम इथेच होतं.

दोन बादल्या घ्या, १०-१० लिटरच्या. एकीत गाडीचा शाम्पू ३० मिली (बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर ते), दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, टाकीची एक बाजू सरळ रेषेत पुसा, साध्या पाण्यात खंगाळा, पिळा, मग परत शाम्पूत. गोल गोल हात फिरवू नका. क्रम: टाकी, साइड पॅनल, मागचा काऊल, मडगार्डची वरची बाजू. मडगार्डची खालची बाजू आणि चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद.

कपड्यांची पावडर वापरू नका. तिच्यातला सोडा मेणाचा थर काढतो आणि ॲल्युमिनियमचे भाग पांढुरके करतो. भांड्यांचा साबणही मेण उतरवतो. मेण मुद्दाम उतरवायचं असेल तेव्हा चालेल.

बोअरवेल

धागा उत्तम. यात पाण्याचा मुद्दा हवाच. शहरालगतच्या बऱ्याच सोसायट्यांत वापराचं पाणी बोअरचं किंवा टँकरचं असतं आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलीग्रॅम) ८००-१००० पर्यंत दिसतो. अशा पाण्याने कितीही नीट धुवा, वाळल्यावर पांढरे गोल राहतात. ते क्षार आहेत, मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमचे. ताजे असताना पुसून जातात. उन्हात दोन-तीन दिवस तापले की लॅकरमध्ये कडा उमटवतात आणि मग शाम्पूने हलत नाहीत.

उपाय स्वस्त आहे. धुणं बोअरच्याच पाण्याने करा, पण शेवटचं खंगाळणं दीड-दोन लिटर कमी क्षाराच्या पाण्याने. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी चालतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, फक्त सुती कापडातून गाळून घ्या. आरओचं प्यायचं पाणी चालेल. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र मुळीच नको, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात.

डाग बसलेले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या. त्यात भिजवलेलं फडकं डागावर १-२ मिनिटं नुसतं ठेवा, घासू नका. उचला, भरपूर पाणी मारा, गरज वाटली तर आणखी एकदा. व्हिनेगर उघड्या ॲल्युमिनियमवर ओघळू देऊ नका, तिथे मळकट डाग पडतो. इतकं करूनही कडा दिसत राहिल्या तर ते क्षार नव्हेत, लॅकरला पडलेला खड्डा आहे. तो फक्त पॉलिशने कमी होतो.

रंगराखण

@बोअरवेल, एसीच्या पाण्याचा उपाय फार कामाचा. सुकवण्याचंही लिहितो. ४०० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅम) आसपासचा मोठा मायक्रोफायबर टॉवेल टाकीवर पसरवा आणि सरळ ओढून घ्या. पंचा किंवा जुना बनियन नको. त्याची शिवण ओरखडते. आरसे, इंडिकेटर, टाकीखालच्या फटी यांतून पाणी नंतर अर्धा तास ठिबकत राहतं आणि तिथेच ओघळ वाळतात. धुऊन झाल्यावर गाडी पाच मिनिटं फिरवून आणा. ब्रेकही सुकतात आणि फटीतलं पाणीही बाहेर येतं. मग ओघळ तेवढे पुसा.

मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, धागे बुजतात आणि टॉवेल पाणी ओढेनासा होतो.

तिसरा_हात

काही मुद्द्यांवर असहमती. ‘पॉलिश करूच नका’ असा सूर लागतोय. दरवर्षी दसऱ्याआधी यंत्राने एकदा पॉलिश केलं तर गाडी नव्यासारखी दिसते. त्यासाठी ३ इंची पॅडचं ड्युअल ॲक्शन यंत्र (पॅड फिरता फिरता डोलतंही असं) हवं. टाकीच्या वळणांवर मोठं पॅड बसत नाही.

रंगराखण

@तिसरा_हात, यंत्र योग्य सांगितलंत. पण दरवर्षी कशासाठी? वर्षाला ३ मायक्रॉन धरले तरी पाच वर्षांत १५ जातात, म्हणजे लॅकरचा जवळपास तिसरा हिस्सा. शिवाय टाकीच्या कडांवर आणि उठावाच्या रेषांवर थर मुळातच पातळ असतो, तिथे पॅडचा दाबही जास्त पडतो. बहुतेक टाक्यांचा रंग आधी तिथेच उघडा पडतो.

रेघा खरोखर डोळ्यांत भरत असतील तेव्हा करा, आणि सगळ्यांत सौम्य जोडीने सुरुवात करा: मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. एक हातभर जागा करून बघा. तेवढ्याने ७० टक्के रेघा गेल्या तर तिथेच थांबा. उरलेल्या घालवण्यासाठी कडक कंपाउंड मारणं म्हणजे चार मायक्रॉन देऊन फक्त टॉर्चच्या उजेडात दिसणारी सफाई विकत घेणं.

तिसरा_हात

ठीक, ‘दरवर्षी’ मागे घेतो. ‘गरज पडेल तेव्हा’ म्हणू. मग क्रम नीट लिहितो, कारण चुका इथेच होतात.

१. धुऊन सुकवल्यावर स्वच्छ पातळ पिशवी हातावर चढवा आणि टाकीवरून बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारी टाकी पिशवीतून खरखरीत लागते. तो बसलेला मळ. त्यावर क्ले बार (मळ उचलणारी मऊ चिकणमातीसारखी वडी): लाडूएवढा गोळा चपटा करा, शाम्पूच्या पाण्याचा भरपूर फवारा मारा आणि वजन न देता सरळ फिरवा. मळकट झाला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. खाली पडला तर फेकून द्या.

२. उठावाच्या कडा, स्टिकरच्या कडा, बॅज आणि टाकीच्या झाकणाभोवती मास्किंग टेप. कंपाउंड बॅजच्या फटीत गेलं की वाळून पांढरं दिसतं आणि टूथब्रशनेच काढावं लागतं.

३. एका वेळी एक फूट बाय एक फूट. पॅडवर वाटाण्याएवढे ३-४ थेंब. यंत्र टेकवून मगच चालू करा, नाहीतर शिंतोडे घरभर. आडवे आणि उभे मिळून ४ फेरे, सावकाश. हाताने करायचं तर फोमच्या ॲप्लिकेटरने २०-२५ सरळ हात.

४. पुसून घ्या. मग एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी यांचा फवारा मारून पुन्हा पुसा. ही पायरी गाळू नका. पॉलिशमधलं तेल रेघांमध्ये भरतं, त्यामुळे रेघा गेल्यासारख्या वाटतात आणि दोन धुण्यांनंतर परत दिसतात. आता टॉर्च तिरपा धरून बघा.

ओरखड्यावर नख आडवं फिरवा. अडकलं तर तो ओरखडा पॉलिशने जाणारा नाही, तिथे घासत बसू नका. आणि फडक्यावर गाडीचा रंग उतरू लागला तर ताबडतोब थांबा. एक तर वर लॅकर नाही, नाहीतर होतं ते संपलं.

ड्रिल मशीनला पॅड लावून हे काम करू नका. ड्रिलचं पॅड एकाच अक्षावर फिरतं, उष्णता एका ठिकाणी साठते आणि कडेचा रंग काही सेकंदांत जळतो.

बुलेटची_रेघ

एक भर. रॉयल एनफिल्डच्या बुलेट-क्लासिकच्या टाकीवरच्या हाताने मारलेल्या सोनेरी रेषा बऱ्याच जणांना स्टिकर वाटतात. पॉलिशआधी रेषेवरून बोटाचं टोक आडवं फिरवा. उंचवटा लागला तर रंग लॅकरच्या वर आहे असं समजा आणि दोन्ही बाजूंनी टेप मारून ती संपूर्ण झाका. क्ले बारही त्यावरून नको. अशी रेष कंपाउंडने दोन-तीन हातांत पुसट होते, आणि हुबेहूब हात फिरवणारा माणूस मिळणं कठीण.

मॅटवाली

मॅट रंगाचं काय? वरचं सगळं ग्लॉससाठी दिसतंय.

रंगराखण

@मॅटवाली, बरं झालं विचारलंत. मॅट लॅकरचा पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो, म्हणून त्यावर उजेड विखुरतो. घासलं की तो खडबडीतपणा सपाट होतो आणि तिथे चकाकणारा पट्टा येतो. तो परत मॅट करता येत नाही, पॅनल रंगवावं लागतं. म्हणून मॅटवर कंपाउंड नाही, पॉलिश नाही, क्ले नाही, साधं मेणही नाही. मॅटसाठीचा शाम्पू आणि मॅटसाठीचंच सीलंट (मेणाऐवजी लावायचा कृत्रिम रक्षक थर). टॉवेल ओढायचा नाही, टिपायचा. गुडघे टेकतात ती जागा महिन्यागणिक आपोआप चकाकू लागते, म्हणून नव्या मॅट गाडीवर पहिल्याच आठवड्यात तिथे मॅट फिल्म (चिकटवायचं संरक्षक प्लास्टिक) लावा.

मॅटवर तेलकट बोटांचे ठसे दिसले तर १:४ आयसोप्रोपिल फवारून टिपा. डॅशबोर्डचं पॉलिश किंवा खोबरेल अजिबात नको. डाग खोल उतरतो आणि त्यावर धूळ चिकटते.

पार्किंग_ब

इमारतीच्या पार्किंगमधला एक शत्रू कुणीच लिहिला नाही: स्लॅबमधून ठिबकणारं पाणी. ते सिमेंटमधला चुना घेऊन येतं, अल्कलीयुक्त असतं आणि वाळलं की टणक पांढरा थेंब बसतो. नखाने किंवा ब्लेडने खरवडलं की थेंबाबरोबर लॅकर येतं. व्हिनेगर-पाण्याचं फडकं ठेवून ५ मिनिटांनी बघा, कडा विरघळायला लागतात. दोन-तीन वेळा करावं लागेल, पण घासायची गरज पडत नाही. पावसाळ्यात स्लॅबवर ओल दिसली की जागा बदला. कव्हर घातलं तरी चुना कापडातून झिरपतो.

पक्ष्यांची विष्ठा त्याहून वाईट. तिच्यातलं यूरिक ॲसिड हे एक कारण. दुसरं म्हणजे उन्हात लॅकर तापून किंचित मऊ होतं, वर विष्ठा वाळून आक्रसते आणि संध्याकाळी लॅकर थंड होताना तो आकार त्यात उमटतो. एप्रिल-मेमध्ये एका दुपारीत डाग पडू शकतो. पुसताना लक्षात ठेवा, विष्ठेत बिया आणि बारीक खडेही असतात. ओला टिश्यू ५-१० मिनिटं वर ठेवून मऊ करा, मग चिमटीत धरून वर उचला. बाजूला सारू नका.

झाडाखालच्या चिकट थेंबांना कोमट पाणी आणि शाम्पू पुरतो. वडा-आंब्याचा चीक असेल तर आयसोप्रोपिल.

झेंडू

सणांचंही येऊ द्या. खंडेनवमी-दसऱ्याला गाडीची पूजा होते, त्यात दोन गोष्टी रंगाला बाधतात.

हार हँडलला बांधतात आणि तो टाकीवर लोंबतो. हार तारेत ओवलेला असेल तर हँडल वळेल तशी तार टाकीवर घासते, आणि तो ओरखडा नखाला अडकणारा असतो. हार दोऱ्यात ओवलेला घ्या, हेडलाइटच्या पुढच्या बाजूने बांधा आणि गाडी चालवायच्या आधी उतरवा.

हळद-कुंकवाचा टिळा ग्लॉस लॅकरवर काही करत नाही, पण पांढऱ्या स्टिकरवर, मॅटवर आणि प्लास्टिकवर मुरतो. ओली हळद साबणाने घासली की डाग लालसर होतो, कारण हळदीचा रंग अल्कलीत लाल पडतो. घाबरू नका. आधी साधं पाणी, मग आयसोप्रोपिलने टिपा आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडा, हळदीचा रंग उन्हात उडतो. शक्य असेल तर टिळा हेडलाइटच्या काचेवर लावा, पण ती प्लास्टिकची नसेल तरच. टाकीवर कोरडं कुंकू हाताने चोळून पुसू नका.

होळीच्या आदल्या दिवशी मेणाचा एक हात मारून ठेवला की रंग वर बसतो, आत उतरत नाही.

पाचशे_मिली

मेण किती टिकतं आणि सिरॅमिक (लॅकरवर बसणारं कठीण पारदर्शक कोटिंग) घरी करावं का?

रंगराखण

कार्नौबा मेण आपल्या उन्हात चार ते सहा आठवडे धरा. वितळण्याचा बिंदू ८२-८६ अंश, पण त्याआधीच ते झिजू लागतं. सिंथेटिक सीलंट तीन-चार महिने. दोन्ही अगदी पातळ लावायचे, अख्ख्या गाडीला चहाच्या चमच्याएवढं पुरे. जाड लावलं तर पुसताना जास्त घासावं लागतं, एवढाच फरक पडतो. मेण पेट्रोलमध्ये विरघळतं, तेव्हा टाकीच्या तोंडाजवळ त्याचा भरवसा धरू नका.

सिरॅमिक घरी जमतं, पण आधीची तयारी म्हणजेच खरं काम. रेघा तशाच ठेवून वर कोटिंग मारलं की त्या वर्ष-दोन वर्षं आत बंद. मोटरसायकलला साधारण ५-१० मिली. एक फुटाचा भाग, आडवा-उभा हात, इंद्रधनुषी झाक आली की लगेच पुसायचं. दमट हवेत ते फार पटकन पकड घेतं आणि न पुसलेला भाग काळसर चट्ट्यासारखा राहतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. २४ तास पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको. डब्यावरचं ‘९ एच’ म्हणजे पेन्सिलच्या कसोटीवरचा कठीणपणा. खडा उडून लागला तर टवका उडायचा त्याने थांबत नाही.

आणि कुठलंही मेण किंवा पॉलिश सीटवर, टायरच्या धावपट्टीवर, ब्रेकच्या डिस्कवर जाऊ देऊ नका. स्प्रे असेल तर आधी फडक्यावर मारा, मग रंगावर.

टाकी_फिल्म

खड्यांसाठी आणि गुडघ्यांसाठी टीपीयू (लवचिक पारदर्शक प्लास्टिक) फिल्मच हवी, साधारण १५०-२०० मायक्रॉनची. पीव्हीसीची स्वस्त फिल्म वर्षभरात पिवळी पडते आणि काढताना गोंद टाकीवरच राहतो.

जागा तीन: गुडघ्याच्या दोन्ही बाजू, टाकीच्या झाकणाचा परिसर, आणि पट्ट्याचं बक्कल टेकतं तो मागचा उतार. वर्तमानपत्राचा साचा कापा, कोपरे गोल करा (टोकदार कोपरा उचलला जातो), फिल्म साच्यावरून टेबलावरच कापा. टाकीवर ठेवून ब्लेड चालवलं की लॅकर कापलं जातं आणि ती रेघ कायमची.

५०० मिली पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे ५-६ थेंब घाला. ते टाकीवर, फिल्मच्या गोंदावर आणि स्वतःच्या बोटांवरही फवारा. फिल्म सरकवून जागेवर आणा, मग मधून कडेला स्क्वीजीने (रबरी पट्टीने) पाणी काढा. कडा धरत नसेल तर तिथे १:४ आयसोप्रोपिलचा फवारा आणि दोन मिनिटं अंगठ्याचा दाब. वळणावर हेअर ड्रायरने कोमट करून हलका ताण द्या. जास्त ताणली तर दुसऱ्या दिवशी मागे सरकते. पाण्याचे बुडबुडे आठवड्यात आपोआप जातात. हवेचा असेल तर बारीक सुईने टोचा.

गाडी नुकतीच पेंटरकडून रंगवून घेतलेली असेल तर महिनाभर थांबा. आतलं थिनर उडून जायला तेवढा वेळ लागतो.

टचअप_बाटली

खडा लागून टवका उडाला असेल तर दोन गोष्टी. खाली पत्रा दिसतोय का बघा. दिसत असेल तर त्याच दिवशी काही नाही तर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब ठेवा, पावसाळ्यात गंज एका रात्रीत धरतो. सावकाशीने नंतर तो थेंब काढून, टूथपिकच्या टोकाने गंज खरवडून, आयसोप्रोपिलने पुसून टचअप भरा. टूथपिकनेच, बाटलीच्या ब्रशने नको. तीन-चार पातळ थर, प्रत्येकामध्ये तासभर. शेवटचा लॅकरचा, बाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर. आठवड्याने २५०० आणि मग ३००० चा पॉलिश पेपर, पाण्यात, फक्त उंचवट्यावर. पेपर पेन्सिलच्या मागच्या खोडरबरला गुंडाळला की आजूबाजूचं लॅकर वाचतं.

टाकीवर साध्या स्प्रे कॅनचं लॅकर मारू नका. ते हार्डनरशिवायचं असतं, पेट्रोलचा ओघळ आला की मऊ होऊन सुरकुततं. हार्डनरवालं पेट्रोल सोसतं, पण त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे. ते काम पेंटरच्या बूथमध्येच होऊ द्या.

खाडीकाठ

कोकणातून दोन मुद्दे. खारी हवा रंगावर कमी, कडांवर जास्त चालते. टाकीचे दोन भाग खालच्या बाजूला जोडलेले असतात ती शिवण बोटाने चाचपून बघा. तिथे चिखल अडकून राहतो, रंग पातळ असतो आणि गंज तिथूनच वर चढतो. रंगाला फुगवटा दिसेपर्यंत पत्रा पोखरलेला असतो. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने ती शिवण धुवा, पूर्ण सुकवा आणि मेणाचा हात आतल्या बाजूनेही फिरवा.

ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. धुळीच्या गाडीवरही नको, वाऱ्याने ते हलत राहतं आणि अस्तर घासत बसतं.

पाचशे_मिली

@खाडीकाठ, शिवण पाहिली, ठीक आहे. पण टाकीच्या झाकणाभोवतीच्या खोलगट जागेत धुतल्यावर पाणी साठून राहतंय. तिथला रंग थोडा फुगलाय.

खाडीकाठ

झाकण उघडा, त्या खोलगट जागेत एक बारीक भोक दिसेल. त्यातून नळी टाकीच्या आतून खाली जमिनीकडे जाते. ती चिखलाने बुजली आहे. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची तार घ्या, लोखंडी नको, आणि वरून हळूहळू सरकवा. खालचं टोक इंजिनच्या मागच्या बाजूला कुठेतरी लोंबत असतं, तिथूनही मोकळं करा. मग अर्धा कप पाणी ओतून खाली पडतंय का बघा. झाकणाच्या आजूबाजूला आणखी एखादं भोक असेल तर ते टाकीला हवा मिळण्यासाठीचं. त्यात पाणी ओतू नका.

फुगलेल्या रंगावर आत्ता मेण-फिल्म काही नको. भोक मोकळं करा, दोन दिवस सुकू द्या, मग फुगवटा फोडून टचअपवाल्यांनी सांगितलंय त्या क्रमाने.